गुडघ्याने दाबायचं बटण

जर मका ओला, आणि पॅनेल जळालेलं, तर

कापणीच्या तोंडावर पाऊस आला आणि जायचं नाव घेईना. गेला तेव्हा मागे ओला मका ठेवून गेला. आसपासच्या वस्त्यांवरून ट्रॉल्या भरभरून तो मका काकाच्या ड्रायरवर येऊन पडला. जवळपास दुसरीकडे कुठे ड्रायर नव्हता, आणि एवढ्या एकाच कारणाने लोक काकाशी नीट बोलत असत. अंगणात ढिगाला ढीग लागले. सकाळी ढिगात हात घातला तर आतून ऊब लागायची, तापाने फणफणलेल्या माणसाच्या काखेसारखी. दाण्यांना आंबूस वास सुटला होता. भिंतीकडच्या ढिगाला पांढरे कोंब फुटले होते.

आणि ड्रायर बंद होता. शेडच्या पत्र्यातून पाणी गळत होतं ते थेट पॅनेलवर. आईने काकाला सांगितलं होतं, पत्रा बदला. बाबांनी सांगितलं होतं. काकाला सगळं कळायचं, फक्त वेळेवर कळायचं नाही. एका संध्याकाळी पॅनेलने मोठी ढेकर दिली, निळा जाळ दिसला आणि सगळं गार पडलं.

काकाने भंगारवाल्याकडून दुसरी पेटी आणली. कुठल्यातरी बंद पडलेल्या बिस्किटांच्या कारखान्यातली होती. दार उघडलं की अजून व्हॅनिलाचा वास यायचा. आत तारांचं जंगल आणि मधोमध एक राखाडी ठोकळा.

"पीएलसी आहे," काका फोनवर पुतणीला म्हणाला. यंत्रं चालू-बंद करणाऱ्या छोट्या कॉम्प्युटरसाठीचा हा शब्द त्याने सकाळीच ऐकला होता आणि दुपारी आईच्या दुधासोबत प्यायल्यासारखा वापरत होता. "तुझ्या कॉलेजात हेच शिकवतात ना?"

"शिकवत नाहीत. सांगतात."

"म्हणजे?"

"काही नाही."

"मग ये आणि चालवून दाखव. इतकी वर्षं तिकडे पाठवली ती कशाला?"

"आणि नाही चाललं तर?"

"तर कॉलेज बास. घरी बस."

जर सर, आणि झाकण, तर

खटकी हे तिचं घरातलं नाव. लहानपणी दिव्याचा खटका खाली-वर करत बसायची, मार खाल्ला तरी करायची. कॉलेजात मात्र तिला खटक्याला हात लावायला मिळाला नव्हता.

प्रयोगशाळेत पीएलसी एकच होता. एका फळीवर बसवलेला, शेजारी चिमुकले दिवे, चिमुकली बटणं, आणि सगळ्यावर काचेचं झाकण. झाकणाला कुलूप. किल्ली सरांच्या कमरेच्या पट्ट्याला. सरांचं खरं नाव पोरं पहिल्या आठवड्यात विसरली. ते झाकण सर.

"लांबून बघा," सर म्हणायचे. अख्खा वर्ग फळीभोवती गोळा व्हायचा, म्हणजे पुढच्यांना सरांची पाठ दिसायची आणि मागच्यांना पुढच्यांची. सर एक बटण दाबायचे. दिवा लागायचा. "मोटर सुरू झाली." मोटर कुठे नव्हतीच, दिव्यालाच मोटर म्हणायचं. "आता थांबा बटण." दिवा जायचा. "मोटर थांबली. लिहून घ्या."

मग फळ्यावर शिडी, म्हणजे पीएलसीला द्यायच्या हुकुमांचं चित्र. दोन्हीकडे उभ्या रेघा, मध्ये पायऱ्या. पायरीवर डावीकडे बटणं काढायची, उजवीकडे मोटर. सुरू करायचं बटण म्हणजे दोन छोट्या रेघा. थांबवायचं बटण म्हणजे त्याच दोन रेघा, पण त्यांवर एक तिरकी काट. काट नसेल तर बटण दाबल्यावर वाट मोकळी होते. काट असेल तर दाबल्यावर वाट बंद होते.

"थांबा म्हणजे काट," सर सांगायचे. "परीक्षेत काट विसरलात की गुण गेले."

"पण काटच का, सर?" खटकीने एकदा विचारलं होतं.

"का म्हणजे? असंच असतं."

"झाकणाखाली असतं ते," मागून कुणीतरी म्हणालं. वर्ग फिदीफिदी हसला. खटकी हसली नाही. तिला ती मुलं सरांपेक्षा भिकार वाटायची. सर निदान काहीतरी कुलपात ठेवत होते. यांच्याकडे कुलूप लावण्यासारखंही काही नव्हतं.

तिने खोलीतल्या मैत्रिणीच्या लॅपटॉपवर चोरून मिळवलेलं सॉफ्टवेअर घातलं आणि पडद्यावरच शिड्या काढत बसली. पडद्यावरची मोटर पडद्यावरच फिरायची. त्यात ती इतकी तरबेज झाली, की वर्गात कुणी तिच्याशी वाद घालेना. वाद कुणी घालत नाही म्हणजे आपलं बरोबरच असतं, हे तिचं तिनेच ठरवून टाकलं.

जर पुतणी, आणि गिऱ्हाइकं बघायला, तर

लॅपटॉप प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून ती घरी आली. मैत्रिणीने तो दिला होता, वर "चिखलात नेऊ नकोस" असंही बजावलं होतं. अंगणात चिखलाशिवाय काही नव्हतं.

"आल्या बघा इंजिनियरीणबाई," काका ट्रॉलीवाल्यांना म्हणाला. "आता दुपारपर्यंत ड्रायर चालू."

"काका, मी डिप्लोमाला आहे."

"त्यांना काय कळतंय? गप उभी राहा."

पेटी बसवली होती ती वायरमनने. हा माणूस वस्तीतल्या सगळ्या विहिरींवरच्या मोटरी बांधायचा. त्याच्या कानात कायम काडी असायची आणि बोलताना तो ती फिरवायचा, जणू आवाज कमी-जास्त करतोय.

"तारा मी सगळ्या ओढल्यात," तो म्हणाला. "आता त्या डब्यात जीव घालायचं काम तुझं. ते कॉम्प्युटरचं काम माझं नाही."

"कुठली तार कुठे लावलीय? काही लिहून ठेवलंय?"

"लिहायचं कशाला? डोक्यात आहे."

"मग डोकं इथेच ठेवून जा."

ट्रॉलीवाले हसले. वायरमनने कानातली काडी काढली, तिचं टोक बघितलं आणि परत घातली.

आई शेडमध्ये खड्ड्याच्या काठावर बसली होती. ती तिची जागा. ओला मका त्या खड्ड्यात ओतायचा. खड्ड्याच्या तळाशी हाताएवढ्या जाडीचा लोखंडी स्क्रू फिरायचा, तो मका ओढून उभ्या पट्ट्याकडे न्यायचा, आणि पट्ट्यावरच्या बादल्या तो वर ड्रायरमध्ये नेऊन टाकायच्या. मक्याबरोबर कणसांच्या साली आणि धाटांचे तुकडे यायचे, त्यांचा बोळा होऊन स्क्रूच्या तोंडाशी अडकायचा. आईच्या एका हातात खोरं असायचं. बोळा अडकला की ती गुडघ्याने लाल बटण दाबायची आणि मोकळा हात दाण्यांत खुपसून बोळा उपसायची. मग कोपराने हिरवं बटण. बटणाकडे तिने वर्षानुवर्षं बघितलं नव्हतं. तिचे डोळे दाण्यांवर, आणि स्क्रू दाण्यांखाली. कुठलं बटण कुठे आहे ते तिच्या गुडघ्याला ठाऊक होतं. तिथल्या कातडीला काळा घट्टा पडला होता.

काका याला धसमुसळेपणा म्हणायचा. तो स्वतः त्या काठावर कधी बसला नव्हता.

"आलीस?" आई म्हणाली. "जेवलीस का?"

"आधी हे."

"हे कुठे पळून जातंय? बंदच आहे."

खटकीने पेटीजवळ उलटं घमेलं ठेवलं, त्यावर बसली आणि लॅपटॉप उघडला. आधी पंखा. पंखा चालू असेल तरच पट्टा. पट्टा चालू असेल तरच स्क्रू. नाहीतर मका वर जायच्या आधीच खाली तुंबेल. स्क्रूच्या पायरीवर हिरवं बटण, लाल बटण, लालवर काट. फळ्यावर होतं तसंच, वहीत होतं तसंच. काट देताना तिला झाकण सर आठवले आणि हसू आलं. एवढंच आयुष्यभर शिकवून त्या माणसाने पगार घेतला.

दुपार झाली. पंखा सुरू झाला. भट्टीपाशी बसलेल्या बाबांनी लाकूड सरकवलं आणि न बोलता मान हलवली. पट्टा सुरू झाला. रिकाम्या बादल्या खडखडत वर गेल्या.

"आता स्क्रू," काका ओरडला. "दाबा!"

आईने कोपराने हिरवं बटण दाबलं.

काही नाही.

पुन्हा दाबलं.

काही नाही.

जर हिरवं दाबलं, आणि काहीच नाही, तर

"झालं?"

"थांबा."

"थांबलेलंच आहे की."

"काका, मागे सरका. उजेड अडतोय."

"उजेड माझ्यामुळे नाही अडला, बाई. तो तुझ्या कॉलेजात अडलाय."

"माझी ट्रॉली परवापासून उभी आहे. खालचा मका पेंडीसारखा झालाय."

"पोरीच्या हातात दिलं तेव्हाच म्हटलं मी."

"तू कधी म्हटलास?"

"मनात."

"फ्यूज बघितला का?"

"ह्याला फ्यूज नसतो असा."

"मग कसा असतो?"

"वायरमन, तू सांग ना काहीतरी."

"मी काय सांगू? माझ्याकडून तारा बरोबर आहेत. डब्यात जीव नाही आला."

जर शिकलेली बरोबर, तर दुसरं कुणीतरी चूक

तिने पडदा नीट बघितला. लाल बटणाच्या जागी दिवा लागलेला. बटण कुणी दाबलेलं नव्हतं, तरी ठोकळ्याला ते दाबल्यासारखं दिसत होतं. कुणीतरी सारखं थांब, थांब म्हणत असेल तर मोटर सुरू होणार कशी?

ती खड्ड्यापाशी गेली, लाल बटणाची डबी उघडली. बटणाच्या मागे एक छोटा लाल तुकडा लावलेला होता, ज्याला तारा जोडतात तो. वायरमन त्याला एलिमेंट म्हणायचा. हिरव्या बटणामागे हिरवा. हिरव्यातून दाबल्यावर करंट जातो. लालमधून सतत जात राहतो आणि दाबल्यावर तुटतो.

"हे उलटं लावलंय," ती म्हणाली.

"काय उलटं?" वायरमन वाकून बघायला लागला. त्याच्या तोंडाला विड्यांचा वास येत होता.

"न दाबताच करंट जातोय यातून. हिरवा एलिमेंट लाव इथे. दाबल्यावर करंट जायला पाहिजे."

"लाल बटणाला हिरवा एलिमेंट?"

"हो."

"लोक हसतील मला."

"मागच्या बाजूला आहे. कोण बघतंय?"

"अगं, थांबवायच्या बटणाला लालच लावतात. सगळीकडे लावतात. पिठाच्या गिरणीला पण लालच आहे."

"का?"

वायरमनने कानातली काडी फिरवली. आवाज वाढला नाही. "का म्हणजे? असंच असतं."

हे ऐकलं आणि तिच्या डोक्यात तिडीक गेली. तेच शब्द, तसाच आळस, फक्त पट्ट्याला किल्ली नाही. जगभर ही माणसं बसलीयत, तिला वाटलं, कुणी झाकणाआड, कुणी कानात काडी घालून, आणि कुणालाच कारण माहीत नाही. आणि जिला माहीत आहे तिने चिखलात घमेल्यावर बसायचं.

दोन वाटा होत्या. पडद्यावरची एक काट पुसायची, म्हणजे एका बोटाचं काम. नाहीतर बटण बदलायचं. ती काट तिने मनात घट्ट धरली होती. ती वहीत होती, फळ्यावर होती, परीक्षेत गुण मिळवून गेली होती. बटण या वायरमनने लावलेलं होतं.

"हिरवा लाव," ती म्हणाली. "असंच असतं म्हणून काम होत नसतं."

ट्रॉलीवाल्यांना हे वाक्य आवडलं. काकालाही. "ऐक रे," तो वायरमनला म्हणाला, "शिकलेल्याचं ऐकावं."

वायरमनने पिशवी धुंडाळून हिरवा एलिमेंट काढला आणि स्क्रू आवळताना पुटपुटला, "लावतो. माझं काय जातंय?"

खरंच त्याचं काही गेलं नाही.

आईने कोपराने हिरवं दाबलं. दाण्यांखाली घरघर झाली, मका हलला, एका जागी खोलगट पडला आणि नागासारखा सरकायला लागला. आईने गुडघा मारला. थांबला. कोपर. चालू. गुडघा. थांबला.

"चाललं!" काका इतक्या जोरात ओरडला, की त्यानेच चालवलं असं वाटावं.

जर चाललं, तर

मग दिवस कसे गेले ते अंगालाच ठाऊक. मका ओतायचा, चाळायचा, पोती भरायची. पंख्याची धूळ दाढेत जाऊन बसायची, थुंकलं की पिवळं. बाबांच्या भुवया भट्टीपाशी जळून तांबूस झाल्या. आई काठावरून उठायची ती पाठीला हात लावूनच. भिंतीकडचा कोंब फुटलेला मका काकाने चांगल्या मक्यात मिसळायला सांगितला आणि बाबांनी मुकाट्याने मिसळला.

खटकी कॉलेजात परत गेली नाही. काकाने ठेवून घेतलं. काही बिघडलं तर? बिघडत काहीच नव्हतं. ती पेटीजवळ घमेल्यावर बसायची आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसायची. काका तिला दाखवायचा. "हिने केलं. आमच्या घरातली." एक ट्रॉलीवाला आपल्या मुलाला घेऊन आला आणि म्हणाला, "बघ, अशी अक्कल पाहिजे." मुलाने तिच्याकडे असं बघितलं, जसं ती झाकण सरांकडे बघायची. तिला ते कळलं आणि आवडलं नाही.

"तुझी परीक्षा कधी?" आईने विचारलं.

"आहे पुढे. तिथे जाऊन करायचंय तरी काय? त्यांना मीच शिकवीन."

"हो का," आई म्हणाली आणि खोरं उचललं.

स्क्रू दिवसभर थरथरायचा. खड्ड्याचा काठ थरथरायचा, काठावरची डबी थरथरायची, आणि आईचा गुडघा त्या डबीवर दिवसभर बसायचा.

जर गुडघा, तर

असं व्हायला हवं होतं: बोळा अडकतो. आई गुडघ्याने लाल बटण दाबते. स्क्रू थांबतो. आई दाण्यांत हात घालते, बोळा उपसते, बाजूला फेकते. कोपराने हिरवं बटण. स्क्रू चालू. आई म्हणते, "पाणी दे गं."

असं झालं: बोळा अडकला. आईने गुडघ्याने लाल बटण दाबलं. पंखा गरजत होता, स्क्रूचा आवाज कुणालाच येत नव्हता. आईने दाण्यांत हात घातला.

तिने हाक मारली नाही. खोरं पडलं त्याचा आवाज आला. खटकी वळली तेव्हा आई खड्ड्यावर अशी वाकली होती, जशी कुणीतरी खालून तिचा हात धरून काही सांगतंय. गुडघा अजून बटणावर होता. दाबत होता. पुन्हा पुन्हा दाबत होता.

बाबांनी भट्टीपासून धावत येऊन मेन स्विच पाडला. जन्मात पहिल्यांदा ते इतक्या वेगाने धावले असतील.

उजव्या हाताची करंगळी गेली, आणि तिच्या शेजारचं बोट अर्धं.

जर आई, तर आईचीच चूक

दवाखान्यातून आई परत आली तेव्हा हाताला भलंमोठं बँडेज होतं. ओट्यावर तिला बसवलं आणि काका, जमलेल्या ट्रॉलीवाल्यांच्या समोर, बोलायला लागला. माणसं बघायला आली होती, आणि काकाला बोलायला माणसं लागतातच.

"गुडघ्याने बटणं दाबतात का कधी? हात दिलाय देवाने. किती वेळा सांगितलं. पोरीने एवढी सोय करून दिली, आणि हिला नीट बटण दाबता येईना."

"घाई होते बायकांना," एक ट्रॉलीवाला म्हणाला.

"लक्ष नसतं," दुसरा म्हणाला.

"मी दाबलं होतं," आई म्हणाली.

"दाबलं असतं तर थांबलं असतं. मशीन खोटं बोलतं का?"

खटकी दारात उभी होती. आणि खरं सांगायचं तर तिलाही तेच वाटत होतं. आई कधी बघत नाही, नेहमी घाईत असते, गुडघा बाजूला लागला असेल. मनातल्या मनात ती काकाच्या शेजारी जाऊन उभी राहिली होती आणि तिला त्याची लाजही वाटली नव्हती.

काकाचं बरोबर आहे हे एकदा डोळ्यांनी बघावं, म्हणून ती शेडमध्ये गेली आणि डबी उघडली.

हिरव्या एलिमेंटची एक तार सुटली होती. थरथरून थरथरून तिचा बारीकसा स्क्रू ढिला झाला होता आणि तार बाहेर येऊन बाजूला लोंबत होती, टोकाशी तांब्याचे केस पिंजारलेले. आई कितीही दाबत बसली असती तरी करंट ठोकळ्यापर्यंत जाणार नव्हता. ठोकळ्याला काहीच कळणार नव्हतं.

ती तशीच उकिडवी बसली. मग तिने तो लाल तुकडा शोधला. वायरमनने तो काठावरच टाकला होता, दाण्यांच्या भुशात. तिने तो हातात धरला, दाबला, सोडला.

यातून सतत करंट जातो. दाबलं तर तुटतो, थांबतं. तार सुटली तरी तुटतो, तरी थांबतं. उंदराने कुरतडली तरी थांबतं. काहीही बिघडलं तरी थांबतं. म्हणून लाल लावतात. पिठाच्या गिरणीला लावतात, सगळीकडे लावतात, आणि मग शिडीत काट देत नाहीत, तोडायचं काम लाल तुकडाच करतो. सरांच्या फळीवरची बटणं खेळण्यातली होती, सगळी हिरव्या जातीची, दाबल्यावरच करंट जाणारी, स्वस्तातली. म्हणून त्यांच्या फळ्यावर काट. त्या फळीवर कुणाचा हात कधी जाणारच नव्हता. वर झाकण होतं.

एवढं साधं होतं. कुणालाही विचार करून सुचलं असतं. तिने विचारच केला नव्हता. तिने फक्त सगळ्यांना मूर्ख ठरवलं होतं, आणि ते इतकं सोपं गेलं की त्यालाच ती हुशारी समजली.

जर दाबलं होतं, तर

आई एकटी असताना तिने सांगितलं. तार, लाल, हिरवा, काट, सगळं. आई अर्धं ऐकत होती, बँडेजाकडे बघत.

"म्हणजे मी दाबलं होतं," आई म्हणाली.

"हो."

"नीट दाबलं होतं?"

"नीट दाबलं होतं. बटणच मेलेलं होतं. आधीचं असतं तर आपोआप थांबलं असतं. ते मी काढायला लावलं."

खटकीला वाटलं, आता ती जवळ घेईल, असू दे म्हणेल. आईने घेतलं नाही.

"मग हे तिथे सांग," ती म्हणाली. "सगळ्यांसमोर. ज्यांच्यासमोर मला आंधळी ठरवलं त्यांच्यासमोर."

"काका कॉलेज बंद करेल."

"करेल."

ट्रॉलीवाले अजून बाहेर चहा पीत होते. खटकीने सांगितलं. आधी नीट सांगितलं तर कुणाला कळलं नाही. एक म्हणाला, "आईवर माया आहे पोरीची." काका कौतुकाने हसला. मग तिने लाल आणि हिरवा दोन्ही तुकडे त्याच्यापुढे धरले आणि जवळजवळ ओरडूनच सांगितलं. आईने दाबलं होतं. बटण तिने बिघडवलं होतं. कॉलेजात जे शिकवलं तेच उलटं होतं.

काकाने कप खाली ठेवला.

"म्हणजे तिकडे उलटंच शिकवतात?"

"हो."

"आणि तूच म्हणायचीस, तिथे काही येत नाही कुणाला."

"हो."

"मग मिटलं. कशाला जायचं तिथे? आईची जागा आता रिकामी आहे. उद्यापासून काठावर तू बस."

खटकीने तोंड उघडलं. कॉलेजच्या बाजूने एक तरी शब्द शोधला. सापडला नाही. इतक्या वर्षांत जेवढे शब्द होते तेवढे तिने दुसऱ्या बाजूने खर्चून टाकले होते.

"ती जाणार आहे," आई दारातून म्हणाली.

"वहिनी, तिथे उलटं शिकवतात, ती स्वतःच सांगते."

"ऐकलं मी. इथे कोण सुलटं शिकवणार आहे? तुम्ही?"

ट्रॉलीवाल्यांपैकी एकाला चहाचा ठसका लागला आणि तो खोकत राहिला. काका बाबांकडे वळला. बाबा भट्टीत लाकूड घालत होते, किंवा घातलेलंच पुन्हा नीट करत होते. "तुला काही बोलायचंय का?" काकाने विचारलं.

"काठावर मी बसतो," बाबा म्हणाले. एवढंच. पण काकाच्या तोंडावर ते कधी काही बोललेच नव्हते, त्यामुळे ते फार मोठं वाटलं.

काका पुटपुटत उठला आणि मका बघायला गेला. मका आपल्या जागेवर होता.

तर

सकाळी खटकीने लाल एलिमेंट परत लावला आणि शिडीतली काट पुसली. मग स्क्रू चालू असताना स्वतः तार उपटून बघितली. थांबला. पुन्हा जोडली, पुन्हा उपटली. थांबला. वायरमन लांबून बघत होता, विचारायला आला नाही. तिने हाक मारून बोलावलं आणि लाल का लावतात ते त्याला सांगितलं. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "असं होय." त्याला कळलं की नाही ते समजलं नाही.

दुपारच्या गाडीने निघायचं होतं. बॅग भरून झाली. आई ओट्यावर बसली होती, केस सोडून. एका हाताने तिला वेणी घालता येत नव्हती.

"घाल," ती म्हणाली.

खटकी मागे बसली. आईच्या केसांत मक्याची धूळ होती, मानेवर घाम. तिने कधी दुसऱ्याची वेणी घातली नव्हती. पेड सारखे निसटत होते, एक जाड, दोन बारीक. शेवटी कशीबशी गाठ मारली.

आईने डाव्या हाताने वेणी पुढे ओढून बघितली. वळवून बघितली.

"हेही येत नाही," ती म्हणाली. "सोड. परत घाल."

"गाडी चुकेल."

"पुढची असते."

खटकीने गाठ सोडली आणि वरपासून पुन्हा तीन पेड केले.